चिंगीचं किती करावं?

वाचकाचं पत्र :

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही जळकोट तालुक्यातले. शेती कोरडवाहू, मी घरी शिवणकाम करते. आमच्याकडे चिंगी नावाची कुत्री आहे, 11 वर्षांची. आई पश्मी जातीची होती, बाप गावरान. माझा धाकटा सहावीत असताना तिला पोत्यात घालून घेऊन आला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. आठ महिन्यांपासून चिंगीच्या पोटाखाली मागच्या सडाजवळ गाठ आहे. आधी बोराएवढी होती, आता लिंबाएवढी झाली. दोन महिने झाले, मागच्या पायानं लंगडते, म्हणून मालकांच्या कंबरदुखीच्या गोळ्यातली अर्धी-अर्धी देत होते. पंधरा दिवसांपासून भाकरीला तोंड लावत नाही, पाणी मात्र सारखं पिते, रांजणाखालचं सांडलेलंसुद्धा चाटून काढते. दीड महिन्यापूर्वी माजावर आली होती. मुलगा म्हणतो गाठ कॅन्सरचीच असणार, पुण्याला आणा, 60-70 हजार लागले तरी मी कर्ज काढतो. मालक म्हणतात पेरणी तोंडावर आली, बियाण्याला पैसे नाहीत आणि म्हाताऱ्या कुत्रीचं कसलं ऑपरेशन? शेजारीण तर तोंडावर म्हणते, इथं माणसाला दवाखाना परवडंना अन् ह्यांचं बघा. सासूबाई म्हणतात, नाथांनी गाढवाला कावड पाजली, आपण घरच्या मुक्या जिवाला मरू द्यायचं का? मला रात्र-रात्र झोप नाही. किती करावं? नाही केलं तर पाप लागेल का?"

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फक्त दोन ओळी पाठवल्या होत्या. कंबरदुखीच्या गोळ्या आत्तापासून बंद, आणि उद्या सकाळी काहीही करून चिंगीला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. गाठीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, आणि तुम्ही तर सगळं पत्र गाठीवरच लिहिलं होतं. बाकीच्या वाचकांसाठी आधी त्याचं कारण सांगतो.

मला घोर लागला तो "सारखं पाणी पिते" आणि "दीड महिन्यापूर्वी माजावर आली होती" या दोन वाक्यांनी. कुत्रीचा माज बाईच्या पाळीसारखा उतारवयात थांबत नाही, म्हातारपणीही येत राहतो. आणि माज सरल्यावर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू भरायची भीती असते. कधी तो अंगावाटे बाहेर येतो, तेव्हा घरच्यांच्या लक्षात तरी येतं. कधी गर्भाशयाचं तोंड बंद राहतं, बाहेर टिपूस दिसत नाही, आणि कुत्री नुसती पाणी पीत, खाणं टाकून कोपरा धरते. अशा वेळी "बघू दोन-चार दिवस" म्हणण्यात जीव जातो. त्यावर भरवशाचा उपाय म्हणजे ऑपरेशन करून गर्भाशय काढणं, आणि वेळेत झालं तर म्हातारी कुत्रीही त्यातून उठते.

म्हणजे "किती करावं" हा प्रश्न आजाराचं नाव कळल्याशिवाय विचारताच येत नाही. 32 वर्षं मी या भागात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांचा सरकारी डॉक्टर, म्हणून नोकरी केली. या सगळ्या काळात एक गोष्ट सारखी पाहिली. तपासणीला पैसे द्यायला माणसं बिचकतात, पण टॉनिकच्या बाटल्या, ताकदीची इंजेक्शनं, कुणी सांगितलेलं गावठी औषध यावर हळूहळू त्याच्या कितीतरी पट घालवतात. त्या बाटल्यांनी जनावराला काहीही मिळत नाही. घरात काहीतरी केल्याचं समाधान तेवढं होतं.

"कॅन्सर" या शब्दाचंही असंच. कंधारकडचा एक सालगडी माझ्याकडे कुत्रा घेऊन आला होता. कुत्र्याच्या लिंगावर फुलकोबीसारखं मांस वाढलेलं, त्यातून रक्त ठिबकत होतं. कुणीतरी कॅन्सर म्हणून सांगितल्यामुळे त्यानं कुत्र्याला माळावर सोडून द्यायचं ठरवलं होतं, शेवटचं दाखवावं म्हणून आणला. तो कॅन्सरच होता, पण समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा. मोकाट हिंडणाऱ्या कुत्र्यांत तो नेहमी दिसतो, आणि आठवड्याला एक याप्रमाणे व्हिनक्रिस्टिनची चार-सहा इंजेक्शनं दिली की बहुतेक वेळा पूर्ण जातो. त्या कुत्र्याचा कॅन्सर पाचव्या इंजेक्शनाला गेला. उलट मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पायाच्या हाडाचा कॅन्सर असेल, तर पाय काढूनसुद्धा रोग बहुतेकदा आधीच फुप्फुसात पोचलेला असतो. शब्द एकच आहे. एका ठिकाणी थोडक्या पैशांत कुत्रा वाचतो, दुसऱ्या ठिकाणी घर विकूनही फारसं हाती लागत नाही.

आता तुमचं दुसरं पत्र आणि सोबतचे रिपोर्ट माझ्यासमोर आहेत.

गर्भाशय स्वच्छ आहे. माझी शंका खोटी ठरली, याचा मला आनंद आहे. छातीचा एक्स-रेही साफ, म्हणजे गाठीचा रोग फुप्फुसात पसरल्याची खूण नाही. मात्र सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान आणि ओबडधोबड झालेल्या दिसल्या. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायची रक्तातली घाण, पहिल्या दिवशी 5.2 होतं, चार दिवसांच्या सलाइननंतर 3.4 वर आलं आणि तिथंच थांबलं. वजन 14 किलो. मुलाचं म्हणणं आता असं की पुण्याला नेऊन डायलिसिस करू आणि तिथंच गाठही काढून घेऊ.

हे आकडे काय सांगतात ते मुलालाही वाचून दाखवा. किडनी फार सोशीक असते. साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढत नाही. चिंगीचा आजार पंधरा दिवसांचा नाही, तो आतल्या आत कितीतरी महिने चालला असणार. 5.2 वरून 3.4 वर जे उतरलं, तो अंगातलं पाणी आटल्याचा भाग होता. वैशाखाच्या उन्हात, खाणं सुटलेलं असताना तसं होतंच. सलाइननं तो भरून निघाला. उरलेलं 3.4 हे तिच्या किडन्यांचं आजचं खरं रूप. ते औषधानं जपता येतं, मागे नेता येत नाही.

डायलिसिस कशासाठी असतं? लेप्टो (उंदरांच्या लघवीतून लागणारा रोग) झाला, काही विषारी खाल्लं, आणि चांगल्या किडन्या एकाएकी बंद पडल्या, तर त्या सावरेपर्यंत रक्त साफ ठेवायला. त्या सावरण्याची आशा असते म्हणून तो खटाटोप. चिंगीच्या किडन्या झिजलेल्या आहेत. यंत्रावरून उतरवलं की दोन-तीन दिवसांत रक्त पुन्हा होतं तसं. एवढ्यासाठी तिला उन्हाळ्यात पुण्यापर्यंत गाडीत न्यायचं, अनोळखी पिंजऱ्यात ठेवायचं, गळ्याच्या शिरेत नळी घालायची, हे मी सुचवणार नाही. हातात पैसा असता तरी सुचवलं नसतं.

गाठीचं मात्र मी वेगळं सांगितलं असतं. कुत्रीच्या सडाच्या गाठींपैकी ढोबळमानानं निम्म्या साध्या असतात. किडन्या ठीक असत्या तर 11 वर्षांच्या कुत्रीचीही गाठ काढा, असंच मी म्हटलं असतं. "म्हातारी आहे, आता कशाला" हे वाक्य मला मान्य नाही. वय हा काही आजार नव्हे, आणि छाती साफ असताना काढलेली लहान गाठ पुढचा मोठा त्रास वाचवते. पण भुलीखाली रक्तदाब उतरतो आणि त्याचा पहिला फटका किडनीला बसतो. चिंगीकडे तो सोसायला शिल्लक फार थोडी आहे. शिवाय गाठ तिला आज दुखत नाही. जिवाला धोका किडनीचा आणि ऑपरेशन गाठीचं, हा व्यवहार आज जमत नाही.

तुमच्याकडे शिवणकामाची टेप आहे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तिला कुशीवर झोपवून गाठीची लांबी-रुंदी मोजा आणि लिहून ठेवा. फुटली, चिघळली, माशा बसायला लागल्या किंवा तिला तिथं चाटत राहावं वाटायला लागलं, तर ताबडतोब दाखवा. जखमेत किडे पडायला आपल्याकडे पावसाळ्यात दोन दिवस पुरतात. आणि दोन-तीन महिने क्रिएटिनिन स्थिर राहिलं, गाठ मात्र भराभर वाढतेय असं टेपनं दाखवलं, तर तेवढी एक गाठ काळजीपूर्वक काढता येईल का, हे उदगीरलाच विचारा. उदगीरचं महाविद्यालय 1987 पासूनचं, परभणीचं 1972 चं. मी परभणीला शिकलो. शिकवणारे डॉक्टर, एक्स-रे, सोनोग्राफी, शस्त्रक्रिया हे सगळं आपल्या मराठवाड्यात आहे आणि खासगीपेक्षा खूप कमी पैशांत होतं. उठून पुण्याला जाण्याआधी ही दोन दारं वाजवावीत, असं मी सगळ्याच वाचकांना सांगेन.

आता त्या गोळ्यांबद्दल. हे लिहिणं मला जड जातंय, पण टाळता येत नाही. तुम्ही पाकिटाचा फोटो पाठवलात, ती डायक्लोफेनॅक आहे. माणसाच्या कंबरेला चालणारं हे औषध कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला झेपत नाही. माझ्या लहानपणी गावाबाहेर, मेलेली ढोरं टाकायची त्या जागी गिधाडं रांगेनं बसलेली असायची. तुमच्या मुलानं ती पाहिली नसतील. डायक्लोफेनॅक टोचलेली ढोरं खाऊन त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि ती संपली. म्हणून 2006 साली जनावरांसाठी हे औषध देशात बंद केलं गेलं. मेडिकलवर माणसांसाठी ते आजही मिळतं, आणि घराघरांतून असंच अर्धं-अर्धं कुत्र्याच्या तोंडात जातं. चिंगीच्या किडन्या आधीच झिजत होत्या, गोळ्यांनी त्यात भर घातली असेल. किती, ते कुणी सांगू शकणार नाही. तिचा पाय दुखतोय हे तुम्हाला दिसलं आणि घरात होतं ते तुम्ही दिलंत. कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. हे ओझं घेऊन बसू नका. फक्त इथून पुढे माणसाची एकही गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही. (मांजर असणाऱ्यांनी तर पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नये, मांजर त्यानं मरतं.) लंगडण्यावर किडनीला चालेल असं दुसरं औषध उदगीरचे डॉक्टर देतील, ते मागून घ्या. दुखणं थांबवणं यात काटकसर नाही. आणि घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्या वाटेवर पोती अंथरा. मागचे पाय घसरतात तेव्हा सांध्याला कळ लागते आणि मग कुत्रं उठायचंच टाळतं.

मग तिला खरोखर लागतं काय? मुख्य म्हणजे पाणी. तिची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून प्यालेलं सगळं वाहून जातं. ती सारखी पिते म्हणून भांडं उचलून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं चुकूनही करू नका. रांजणाजवळ, ओट्यावर, गोठ्यात, तीन ठिकाणी भांडी ठेवा. पिऊन भागत नाही तेव्हा कातडीखाली सलाइन द्यायचं. तुम्ही लिहिलंय की शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी ते मालकांना दाखवलं आणि घरी आल्यावर मालकांनीच दिलं. बरोबर पद्धत पुन्हा सांगतो. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाएवढी ऊबदार करायची आणि खिळ्याला उंच टांगायची. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि सुई त्या तंबूच्या पोकळीत. थोड्या वेळात पाठीवर मऊ उंचवटा येतो, हात ठेवला तर डुचमळतो. सकाळपर्यंत तो ओघळून पुढच्या पायाकडे उतरतो आणि जिरतो. तो पाहून घाबरू नका. किती मिली आणि दिवसाआड की रोज, हे वजन आणि रक्ताच्या तपासणीवर डॉक्टर ठरवतील. एक सुई एकदाच वापरायची.

खाण्यात मटण, हाडं, दूध, खारं कमी करा. मऊ भात, त्यात थोडं तूप आणि अंड्याचा पांढरा बलक, हे घरच्या घरी होतं. किडनीच्या कुत्र्यांचं तयार खाद्यही मिळतं, ते महाग असतं. मुलाला चिंगीसाठी काही करायचंच आहे ना, तर त्याला सांगा की महिन्याला त्या खाद्याची एक पिशवी पाठव आणि रक्ताच्या तपासणीचे पैसे दे. मळमळीचं औषध असतं, ते सुरू केल्यावर भाकरी टाकलेलं कुत्रं पुन्हा भांड्यात तोंड घालतं. डॉक्टरांनी दिलं नसेल तर आठवण करा. एवढ्यावर चिंगीला किती दिवस मिळतील? या टप्प्यावरची कुत्री काही महिने जगतात, काही वर्षभर, काही त्याहून जास्त. तिचं कसं होईल ते महिन्याभरानंतरचा आकडा सांगेल.

कर्ज मात्र काढू नका. हे मी सल्ला म्हणून नाही, हात जोडून सांगतो. कोरडवाहू घरावर पेरणीच्या तोंडाशी 60-70 हजारांचं कर्ज म्हणजे काय, ते मी या भागात राहून पाहिलं आहे. मालक बियाण्याचा विचार करतात म्हणून ते निर्दय होत नाहीत. त्या बियाण्यावर चिंगीचाही घास आहे. त्या कर्जातून तिला जगायला मोकळे दिवस मिळणार असते, तर आपण बसून विचार केला असता. इथं तर तेही नाही. शेजारणीला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. माणसाला दवाखाना परवडत नाही हे तिचं दुःख खरं आहे, पण चिंगीची बाटली काढून घेतल्यानं ते कमी होणार नाही.

आणि आता माझं स्वतःचं सांगतो, कारण "जमेल तेवढं सगळं करावं" असं मलाही एकेकाळी वाटायचं. माझा वाघ्या 13 वर्षांचा होता, त्याचाही आजार हाच. दवाखाना माझा, औषधं हाताशी, शिकलेला मी. 11 दिवस त्याला दवाखान्यात टेबलाशेजारी बांधून सलाइन चढवत राहिलो. शिर सापडेना तेव्हा दुसऱ्या पायाला लावली, मग तिसऱ्या. क्रिएटिनिन थोडं उतरलं की मी घरी फोन करून सांगायचो. वाघ्या त्या 11 दिवसांत एकदाही शेपटी हलवून उठला नाही, दाराकडे तोंड करून पडून असायचा. आमचं घर तिथून अर्ध्या किलोमीटरवर होतं. अंगणात कडुनिंबाखाली त्याची मातीची खळगी होती, रोज उकरून ओली करून त्यात बसायचा. मी त्याला एक संध्याकाळसुद्धा तिथं नेला नाही. बाराव्या दिवशी पहाटे शिपायानं दार उघडलं तेव्हा तो गेलेला होता, एकटा. ते उपचार त्याला हवे होते का, हे मी त्या 11 दिवसांत स्वतःला विचारलंच नाही. त्यानंतर कुठल्याही कुत्र्यासमोर उभा राहिलो की मी घरच्यांना आधी विचारतो, याला काय आवडतं?

तुमच्या दुसऱ्या पत्रात त्याचं उत्तर आहे. संध्याकाळची एसटी आली की मुलगा उतरेल म्हणून चिंगी फाटकापर्यंत जाते. बैलगाडीमागून शेतात जाते. रात्री मालक जेवायला बसले की त्यांच्या मांडीला टेकून बसते. या तीन गोष्टी लिहून ठेवा. दुधाचा हिशेब मांडता त्याच कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करा. त्या दिवशी ती स्वतःहून खाल्ली, उठली, यातलं एखादं तरी केलं, तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. झोपेत असताना श्वास मोजा, मिनिटाला 30 च्या आत असायला हवा. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. एखादी फुली आली म्हणून हादरू नका. औषध बदललं, सलाइन वाढवलं की पुन्हा बरे दिवस येतात. पण फुल्या सलग यायला लागल्या, सलाइन देऊनही तिला उलट्या होत राहिल्या, तोंडाला लघवीसारखा वास आणि आत फोड आले, मालक जेवायला बसले तरी ती जागची हलली नाही, तर तो दिवस आला असं समजा.

त्या दिवसाबद्दल आत्ताच बोलतो, कारण तेव्हा बोलायला सुचत नाही. दयामरण म्हणजे विष घालणं नव्हे. आधी गुंगीचं औषध, मग भुलीच्या औषधाचा जास्तीचा डोस शिरेतून. कुत्रं झोपतं आणि झोपेतच हृदय थांबतं. नोंदणीकृत पशुवैद्यानंच ते करायचं. जमलं तर डॉक्टरांना घरी बोलवा, तिच्या पोत्यावरच होऊ द्या, आणि डोक्यावर हात तुमचा असू द्या. शेतात पुरायचं असेल तर विहिरीपासून लांब आणि खोल खड्डा, चार फूट तरी. ते औषध अंगात राहतं, दुसऱ्या जनावरानं उकरून खाता कामा नये. असा निर्णय घेणं पाप नाही. याच धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं हे मत आहे. तडफडणारं जनावर "आपल्या हातानं नको" म्हणून आठ-आठ दिवस गोठ्यात तसंच ठेवलेलं मी पाहिलंय, आणि ते मला आजही सोडत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. नाथांची गोष्ट त्यांनी योग्य वेळी काढली. कावड रामेश्वराला निघाली होती, पण वाळवंटात तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला त्या घडीला पाणी हवं होतं. नाथांनी तेच त्याच्या तोंडात घातलं. तुमच्या घरात खिळ्याला टांगलेली बाटली ही मला तशीच कावड वाटते.

चिंगीला रेबीजची लस शेवटची कधी टोचली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तब्येत जरा स्थिरावली की डॉक्टरांना विचारून ती उरकून घ्या. हे सगळ्यांनाच सांगतो. कुत्र्यावर लाखभर खर्च करू नका, पण वर्षाची रेबीजची लस, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त हे चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय उरत नाही, कुत्र्याला नाही आणि माणसालाही नाही. गोचीडतापात वेळेत रक्त तपासलं तर साध्या गोळ्यांच्या कोर्सवर कुत्रं उठतं, उशीर झाला तर रक्त चढवूनही जातं. आणि ज्यांच्या घरी कुत्रीचं पिल्लू आहे त्यांनी पहिल्या माजाच्या आधी तिचं गर्भाशय-अंडाशय काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. सडाच्या गाठीची भीती त्यानं जवळजवळ संपते, आणि गर्भाशयातल्या पुवाची तर उरतच नाही.

ताई, महिन्यानं पुन्हा रक्त तपासा आणि आकडा मला कळवा. कॅलेंडरच्या पानाचा फोटोही पाठवा. तुमच्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, समासात एक ओळ आहे. पहिल्या रात्री खिळा सापडेना तेव्हा मालक अर्धा तास बाटली हातात उंच धरून उभे राहिले आणि हात भरून आला तरी तुम्हाला देईनात. पाऊस झाला, तिफण निघाली की चिंगीला चालत गाडीमागून येणं जमणार नाही. 14 किलो आहे. मालकांना म्हणावं, उचलून गाडीत बसवा.